कॉस्टिकच्या टाकीचा काटा

“हा बोर्ड कुठल्या गाढवानं रंगवलाय?”

टिपणीस साहेबांनी हे कॉस्टिकच्या टाकीखाली उभं राहून विचारलं, आणि ते गाढव नेमकं माझ्या शेजारी उभं होतं. दस्तगीर शिकलगार, मिरजेचा पेंटर. कुपवाडच्या आमच्या साबणाच्या कारखान्यातली झाडून सगळी अक्षरं त्याच्या हातची, गेटवरच्या नावापासून ते संडासाच्या दारापर्यंत.

“म्याच रंगवलाय, साहेब,” दस्तगीर म्हणाला. “चौदा वर्सं झाली की.”

“चौदा वर्षं! आणि एवढ्या वर्षांत एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही?” साहेबांनी खिशातलं पेन काढून बोर्डावर रोखलं. “शून्य वर आणि दहा खाली! काटा बघा कुठं आहे. जवळजवळ तळाला. आणि तिथं आकडा काय? नऊ! म्हणजे टाकीत काही नाही, आणि बोर्ड सांगतोय की टाकी भरलेली आहे.”

आम्ही दोघांनी मान वर करून बोर्डाकडं पाहिलं. मग दस्तगीरनं माझ्याकडं पाहिलं. मी टाकीमागच्या कडुनिंबाकडं पाहिलं.

आता ही भानगड तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर तुम्हीही टिपणीस साहेबांसारखेच पेन रोखून उभे राहाल. साबणाला कॉस्टिक सोड्याचं पाणी लागतं. दिसायला साधं, बोटाला बुळबुळीत, आणि दोन मिनिटांत कातडी सोलणारं. ते चाळीस टनांच्या लोखंडी टाकीत भरून ठेवलेलं असतं. आत किती आहे हे बाहेरून कळावं म्हणून टाकीत एक तरंगता डबा सोडलेला असतो. डब्याला तार, तार टाकीच्या माथ्यावरच्या चाकावरून बाहेर येते, आणि बाहेरच्या टोकाला काटा. विहिरीच्या रहाटावर एक पोहरा वर आला की दुसरा खाली जातो, तसं हे काम. टाकी भरली की आतला डबा वर येतो आणि बाहेरचा काटा खाली उतरतो. म्हणून बोर्डावर शून्य वर आणि दहा खाली. एका आकड्याला चार टन. काटा नवावर होता, म्हणजे टाकीत छत्तीस टन माल होता. चार टनांची जागा शिल्लक. हे कारखान्यातल्या झाडूवालीलाही माहीत होतं.

टिपणीस साहेबांना माहीत नव्हतं. ते साबण विकण्याच्या खात्यातून आले होते. त्यांनी म्हणे वऱ्हाडात आमचा साबण असा काही खपवला होता, की मुंबईच्या मोठ्या साहेबांनी खूश होऊन त्यांना अख्खा कारखाना बक्षीस दिला. वय चौतीस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि कसलीही गोष्ट पहिल्यांदा बघितली की तिच्यात चूक काढायची सवय.

मी भूपाल मगदूम, टाक्यांचा ऑपरेटर. तोंड उघडून दोन वाक्यं बोललो असतो तर हे सगळं तिथंच मिटलं असतं. मी उघडलं नाही, त्याला कारण होतं.

जानेवारीतली गोष्ट. दर सोमवारी मी टाकीच्या शिडीनं वर जायचो, झाकण उघडायचो आणि खुणा केलेला लोखंडी गज आत सोडून माल मोजायचो. काटा कधी अडकतो, तार कधी ताणते, म्हणून गजाचा आकडा आणि काट्याचा आकडा जुळवून बघायचा. ही माझी पद्धत होती आणि तिचा मला गर्व होता. टिपणीस साहेब तेव्हा नवीन आलेले. त्यांनी मला सुरक्षेच्या चष्म्या-पट्ट्याशिवाय टाकीवर बघितला, खाली बोलावलं आणि सगळ्या शिफ्टसमोर माझ्या हातातला गज काढून घेतला.

“हा अडाणी प्रकार माझ्या कारखान्यात चालणार नाही,” ते म्हणाले.

“साहेब, काटा कधी अडकला तर...”

“मगदूम, तुम्हाला विचारलं की बोलायचं.”

शिफ्टमधली चाळीस माणसं बघत होती. त्यातली निम्मी मी कामाला लावलेली. गज साहेबांच्या केबिनमध्ये कुलपात गेला आणि मी तोंडाला कुलूप लावलं. साहेबांनी मग भिंतीभिंतीवर सुरक्षिततेचे तक्ते चिकटवले. कॉस्टिक अंगावर उडालं तर काय करायचं, डोळ्यांत गेलं तर काय करायचं, चित्रांसकट. एका तक्त्यावर एक गोरागोमटा माणूस दुसऱ्या गोऱ्यागोमट्या माणसाच्या पापण्या बोटांनी उघडून धरून पाणी ओतत होता. त्या चित्रावर आम्ही महिनाभर हसलो. कुणीतरी त्या माणसाला मिशा काढल्या. मीच काढल्या, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू.

तर त्या दिवशी टाकीखाली साहेबांनी मला काही विचारलं नाही आणि मी काही बोललो नाही.

“पेंटर, उद्या संध्याकाळपर्यंत हा बोर्ड सरळ करून पाहिजे. दहा वर, शून्य खाली. शुक्रवारी मुंबईहून मोठे साहेब येतायत. आणि स्टोअरला सांगा, एक टँकर ताबडतोब मागवा. टाकीत जेमतेम चार टन माल आहे आणि इथं कुणाला पत्ता नाही! उद्या साबणाची कढई थांबली असती म्हणजे?”

स्टोअरचे पाटोळे वही घेऊन धावत आले. वहीत छत्तीस टन होते. साहेबांनी वहीकडं तुच्छतेनं पाहिलं. “वही कशावरून भरता?” “बोर्डावरनं, साहेब.” “मग बोर्डच उलटा आहे म्हटल्यावर वहीचं काय सांगता?” पाटोळ्यांची दोन वर्षांनी निवृत्ती होती. त्यांनी वही बंद केली आणि टँकरसाठी फोन लावला. बघा कशी माणसं गोळा केली होती कंपनीनं. एक साहेब, ज्याला काही कळत नव्हतं, आणि आम्ही बाकीचे, ज्यांना सगळं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दस्तगीरनं जुने आकडे खरवडले. मी खाली बाकड्यावर बसून बघत होतो. त्याचा हात बघत बसावं असा होता. पट्टी न लावता तो शून्य काढायचा आणि ते परकारानं काढल्यासारखं यायचं. मिरजेत त्याची आठ-दहा दुकानांची गिऱ्हाइकं होती. सणाला तर त्याला जेवायला फुरसत नसायची. चौदा वर्षांपूर्वी त्यानं हाच बोर्ड पहिल्यांदा रंगवला, तेव्हा आकडे उलटे का, हे मीच त्याला समजावून सांगितलं होतं. बादली, दोरी आणि चाक घेऊन. तेव्हापासूनची आमची दोस्ती. ईदला मी त्याच्याकडं शीरखुर्म्याला, दिवाळीला तो माझ्याकडं.

चहाच्या सुट्टीला तो खाली उतरला. हाताला पांढरा रंग लागलेला.

“भूपाल, लेका, हे बरं न्हवं,” तो म्हणाला. “सांगून टाक त्यास्नी.”

“मी न्हाई सांगणार.”

“मग मी सांगतो. टँकर येणार हाय. भलतंच काय तरी हुईल.”

“काय हुतंय? चार टनांची जागा हाय आत. टँकर लावू, पंप चालू करू. मोठा सायब समोर उभा आसंल. ह्येनं नवा बोर्ड दावायचा, बगा म्हणायचं काटा कसा वर चढतोय. आनि काटा निगाला खाली! शून्याच्या बी खाली!” मला बोलतानाच हसू फुटत होतं. “मोठा सायब इचारंल, टिपणीस, ह्ये काय चाललंय? मग मी पंप बंद करनार आनि सांगनार. सगळ्यांच्या म्होरं. त्येनं माझा गज कसा काढून घेतला हुता? तसंच.”

“आनि मग?”

“मग काय, गेला वऱ्हाडात साबण इकायला. आनि माझा गज माझ्या हातात.”

दस्तगीर हसला, पण मनापासून नाही. “तरी बी सांग,” तो म्हणाला.

“तू त्वांड उगडायचं न्हाई. माझ्या गळ्याची आन हाय तुला.”

त्यानं चहा संपवला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि शिडी चढून गेला. संध्याकाळपर्यंत बोर्ड तयार झाला. वर दहा, खाली शून्य, काटा ऐटीत एकावर. सुंदर दिसत होता.

शुक्रवारी दहा वाजता टँकर आला. विजापूरकडचा मल्लाप्पा ड्रायव्हर, नेहमीचा. त्यानं नवा बोर्ड बघितला, माझ्याकडं बघितलं आणि भुवई उडवली. मी डोळा मिचकावला. तो समजला आणि पान लावत बसला. मी त्याला सांगितलं, की मी हात वर केला की पंप बंद करायचा, एक क्षण थांबायचं नाही.

मी काही अगदीच बेजबाबदार माणूस नव्हतो, हे सांगायची आजही मला हौस आहे. माझा सगळा हिशेब झालेला होता. चार टनांना पंपाला पंधरा मिनिटं लागतात. टाकीच्या माथ्याजवळून जास्तीचा माल बाहेर काढणारा पाइप निघतो, त्याचं तोंड पूर्ण खुणेच्या जरा खाली आहे, म्हणजे अकराव्या मिनिटाला माल त्या पाइपात येणार. तो पाइप खाली जमिनीपर्यंत यायला हवा होता. पण खालचा तुकडा गंजला म्हणून गेल्या उन्हाळ्यात कापला होता आणि नवा आलाच नव्हता. त्यामुळं पाइप बोर्डाशेजारी, जमिनीपासून आठ फूट उंचीवर उघडा लोंबत होता. मला हे सगळं माहीत होतं. मी ठरवलं होतं, दहाव्या मिनिटाला हात वर. त्या टाकीची मला इंच न् इंच माहिती आहे, असं मी चारचौघांत सांगायचो, आणि ते खोटं नव्हतं.

पावणेअकराला मोठे साहेब आले. जाड, घामेजलेले, हातात शहाळं. त्यांच्या मागं कंपनीचे आणखी दोघं. टिपणीस साहेबांनी त्यांना सावलीत उभं केलं आणि बोर्डाची कथा सांगायला सुरुवात केली, चौदा वर्षांची चूक आपण तीन महिन्यांत कशी पकडली ती. मोठे साहेब शहाळं पीत मान हलवत होते.

तेवढ्यात टिपणीस साहेबांचं लक्ष बोर्डाकडं गेलं.

“पेंटर! अहो, आकडे नुसतेच? कसले आकडे? वर ‘टन’ लिहा. लगेच.”

आकड्यांना चारनं गुणल्याशिवाय टन होत नाहीत, हेही त्यांना माहीत नव्हतं. दस्तगीर ब्रश आणि डबी घेऊन शिडीवर चढला. शिडी बोर्डाला टेकलेली, त्या कापलेल्या पाइपाच्या अगदी कडेला. मी पाहिलं. दोन अक्षरं, पण वीतभर मोठी, आठ-दहा मिनिटांचं काम. मी काही म्हणालो नाही.

टिपणीस साहेब माझ्याकडं आले. मोठ्या साहेबांकडं त्यांची पाठ होती. जवळून पाहिलं तर त्यांचा इस्त्रीचा शर्ट काखेत ओला झाला होता. त्यांनी आवाज खाली आणला.

“मगदूम, सगळं ठीक आहे ना? तुम्ही इथले जुने आहात. माझं काही चुकत असेल तर आत्ता सांगा.”

शिडीवर दस्तगीरचा ब्रश थांबला. तो तिथून खाली माझ्याकडं बघत होता. त्याच्या कपाळावर पांढऱ्या रंगाचा एक थेंब होता.

काय करणार होतो मी? तीन महिने ज्याची वाट बघितली ती मजा दहा मिनिटांवर आली होती. आणि आता हा माणूस मला विचारत होता! चाळीस माणसांसमोर गज काढून घेताना नाही विचारलं, आता कानात येऊन विचारतोय. मला त्याची कीव आली नाही. मला गुदगुल्या झाल्या.

“साहेब, तुम्ही स्वतः बघून केलंय,” मी म्हणालो. “मी अडाणी माणूस काय सांगणार?”

साहेबांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं, असं मला दिसलं. ते परत सावलीत गेले. वर दस्तगीरनं हळूच ‘ट’ काढायला घेतला.

“पेंटरला खाली घ्यायचं का?” मल्लाप्पानं विचारलं.

“उरकंल की तो. आनि मी हाय न्हवं हितं.” मी शिडीकडं बघून ओरडलो, “दस्तगीर, लवकर उरक रं.”

“तू हाईस न्हवं खाली, मग मला काय हुतंय,” तो वरून म्हणाला.

पंप सुरू झाला. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. नळी फुगली, टाकीत धो धो आवाज सुरू झाला. पहिली चार-पाच मिनिटं काटा तिथंच होता. तार जरा अडकते, मग सुटते, हे नेहमीचं. टिपणीस साहेब हात पाठीमागं बांधून काट्याकडं बघत उभे होते. “आता चढेल,” ते म्हणाले.

काटा हलला. खाली हलला. एकावरून अर्ध्यावर आला.

टिपणीस साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. काटा आणखी खाली. मोठ्या साहेबांनी शहाळं बाजूला दिलं.

“अहो टिपणीस,” ते म्हणाले, “तुम्ही ओतताय का काढताय?”

कंपनीचे दोघं हसले. आणि मग मी टिपणीस साहेबांचं तोंड बघितलं. मी ते तीन महिने मनात रंगवलं होतं, पण ते त्याहून सरस निघालं. आधी नुसताच गोंधळ. मग डोळे काट्यावरून टाकीच्या माथ्यावर, माथ्यावरच्या चाकावर, चाकावरून तारेवर, तारेवरून परत काट्यावर. बोटं हवेत वर-खाली झाली. त्यांना कळत होतं. माझ्या डोळ्यांदेखत एका शहाण्या माणसाला आपण केवढे मूर्ख आहोत हे हळूहळू कळत होतं, कानांपासून गळ्यापर्यंत लाल होत होतं, आणि मी ते चाखत उभा होतो. घड्याळ नाही, काटा नाही, पाइप नाही. सव्वीस वर्षं टाकीत माल किती आहे हे बघायची नोकरी केली, आणि त्या दिवशी मी साहेबाच्या तोंडाकडं बघत राहिलो.

“बंद करा!” टिपणीस साहेब ओरडले. “टाकी भरलेली आहे! बंद करा!”

माझा हात वर गेला तोवर पाइपानं गुळणी टाकली.

आधी एक ढेकर दिल्यासारखा आवाज, मग मनगटाएवढी धार. दस्तगीर ‘न’ची उभी रेघ काढत होता. आवाजानं त्यानं मान वळवली, आणि त्यामुळंच ते त्याच्या तोंडावर आलं. तो ओरडला नाही. हातातली डबी सोडली, दोन्ही हातांनी तोंड धरलं आणि शिडीवरून खाली आला, पडला म्हणा किंवा उतरला म्हणा.

मल्लाप्पानं पंप बंद केला. मी वाल्वकडं धावलो. वाल्व बंद करायला धावणं बरोबरच होतं, कुणीही तेच सांगेल. वाल्व बंद करून मी वळलो तेव्हा दस्तगीर नळाखाली होता. टिपणीस साहेबांनी त्याला काखेत धरून फरफटत तिथं नेलं होतं. स्वतः त्या चिखलात गुडघे टेकून बसले होते. एका हातानं पाण्याची नळी, दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्याच्या पापण्या उघडून धरलेल्या. दस्तगीर डोळे मिटायला बघत होता, झटके देत होता, आणि साहेब त्याच्या कानात ओरडत होते, “मिटायचे नाहीत! मिटायचे नाहीत हां!” त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कॉस्टिकनं भिजल्या होत्या. त्यांच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती आणि त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

भिंतीवर ते चित्र होतं. मिशांवाला माणूस. साहेब चित्रातल्यासारखंच करत होते, मिनिटं मोजून. मी जवळ गेलो तर मला म्हणाले, “गाडी!” मी गाडी आणायला गेलो.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा गेला. उजव्या डोळ्याला पहिल्या मिनिटाला पाणी मिळालं म्हणून तो थोडा राहील. उजेड कळेल, माणूस कळेल, अक्षर कळणार नाही.

चौकशी झाली. फॅक्टरी इन्स्पेक्टर आले, मुंबईचे लोक आले. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो. साहेबांनी सांगितलं ते केलं. साहेबांनी गज काढून घेतला होता. साहेबांना कुणी बोललेलं चालत नव्हतं. एकही वाक्य खोटं नव्हतं. मला भीती एकाच गोष्टीची होती, टिपणीस साहेब सांगतील की मी मगदूमला विचारलं होतं.

ते हाताला बँडेज बांधून समोर बसले होते.

“बोर्ड मी बदलायला लावला,” ते म्हणाले. “टँकर मी मागवला. पेंटरला शिडीवर मी चढवला. कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या कुणाची चूक नाही.”

‘कुणाला विचारलं नाही’ म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते असं का म्हणाले याचा मी पुष्कळ विचार केला. आधी वाटलं, मला वाचवून मोठेपणा मिळवतोय. मग दुसरंच सुचलं, आणि ते जास्त खरं असावं. त्यांना वाटलं असणार, की मलाही खरंच माहीत नव्हतं. मी अडाणी आहे असं मी म्हणालो आणि त्यांनी विश्वास ठेवला. अडाणी माणसाकडून कबुली काय घ्यायची? महिन्याभरात ते नोकरी सोडून गेले. बोर्ड परत पहिल्यासारखा झाला, सांगलीच्या दुसऱ्या पेंटरकडून. त्याचे आकडे जाड-बारीक आले. मला माझा गज परत मिळाला.

दस्तगीर घरी आला त्यानंतरच्या आठवड्यात मी त्याला बघायला गेलो. जैतूनभाभीनं दार उघडलं. मला बघून त्यांचे डोळे भरले. त्यांच्या कानावर एवढंच आलेलं, की मी वाल्व बंद केला आणि मीच गाडी आणली.

दस्तगीर भिंतीला टेकून खाटेवर बसला होता. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा लाल, पाणी गळत असलेला. माझा आवाज ऐकून त्यानं मान माझ्याकडं फिरवली.

“कसं हाय?” मी म्हणालो.

“उजेड दिसतोय,” तो म्हणाला.

त्याचे ब्रश कोपऱ्यात डब्यात उभे होते, धुऊन पुसून. भाभींनी ते तसेच ठेवले होते. कंपनीनं त्याला गेटवर बसायचं काम देऊ केलं होतं, आत जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचं. भाभी म्हणाल्या, नंबर दिसत न्हाईत त्यास्नी. कंपनीनं विचारच केला नव्हता.

मग भाभींनी पदर सावरला आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं.

“भूपालभाऊ, एक सांगा. त्यो बोर्ड उलटा केलाय, आनि टाकी भरलेली हाय, ह्ये तिथं येका बी मानसाला ठावं न्हवतं व्हय? यवडी मानसं हुती. कुनी सायबाला बोललं कसं न्हाई?”

दस्तगीर हलला नाही. तो लाल डोळा माझ्या दिशेला होता. त्याला मी दिसत होतो की नुसता माझा आकार, कुणास ठाऊक. शिडीवर थांबला होता तसाच थांबला होता. मला वाटलं, आता सांगावं. मला खरंच वाटलं.

“साहेबच तसला हुता, भाभी,” मी म्हणालो. “तो कुनाचं ऐकतोय? त्येला कोन सांगनार?”

भाभींनी टिपणीस साहेबांना शिव्या द्यायला सुरुवात केली. त्यांच्या हाताला किडे पडोत म्हणाल्या. त्या हातांची कातडी अजून नीट आली नव्हती, हे मला माहीत होतं. मी मान हलवत बसलो.

दस्तगीरनं थोडा वेळ ते ऐकलं. मग तोंड भिंतीकडं केलं.

“जैतून,” तो म्हणाला, “भूपालला चा दे. त्याला शिफ्टला जायचं आसंल.”

गुरुवार होता. माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, चौदा वर्षं. दर गुरुवारी मी त्याच्या घरी नाहीतर तो माझ्या घरी. भाभींनी चहा आणला. मी तो बशीत ओतून, फुंकर मारून सगळा प्यालो, शिफ्टला उशीर होतोय म्हणालो आणि उठलो.